चढावरचे दांते

सायकलीवर लिहिण्याचा प्रसंग या ‘ओसरीवरून’ सदरांत कधीं येईल असें मला वाटलें नव्हतें. सणवार, पथ्यपाणी, मुलांचीं अक्षरें, घरांतील थोरामोठ्यांचे रुसवे, हे या ओसरीचे नित्याचे विषय. परंतु गेल्या महिन्यांत आमच्या वाईच्या घरीं एक वाद उपस्थित झाला आणि घरांतील वडील म्हणून त्याचा निवाडा मजकडे आला. विषय समजून घेतल्यावांचून मत देऊं नये, हें मी छत्तीस वर्षें वर्गांत मुलांना सांगत आलों. स्वतः तें किती वेळां पाळलें हें माझें मलाच ठाऊक. या वेळीं मात्र पाळावयाचें असें ठरविलें. त्या निमित्तानें जें वाचलें, पाहिलें आणि स्वतःच्या हातानें चालवून अनुभवलें तें वाचकांपुढें ठेवीत आहें. हल्लीं पुष्कळ घरांतील मुलें या नव्या सायकली मागूं लागलीं आहेत, आणि मत देणारे वडील माझ्यासारखेच अजाण असण्याचा संभव आहे.

वाद असा. माझे धाकटे बंधु, ज्यांना घरांत सर्वजण नाना म्हणतात, त्यांची कन्या पुण्यास नोकरी करते. लांब पल्ल्याच्या रस्त्यावर वेगानें चालवावयाची जी हलकी, खालीं वांकलेल्या हँडलची सायकल असते, जिला ‘रोड बाइक’ म्हणतात, ती घेण्याचें तिनें योजिलें. पैसे तिचे स्वतःचे. तरी घरांत विचारल्यावांचून मोठी खरेदी करावयाची नाहीं ही आमच्या घरची रीत तिनें मोडली नाहीं. माझे चिरंजीव म्हणाले, “घ्यायची तर विजेच्या गिअरची घे. तारा ओढण्याचे दिवस गेले.” तिचा भाऊ म्हणाला, “तारेचीच घे. वाटेंत बिघडली तर निदान कोणाला तरी दुरुस्त करतां येईल.” आमच्या घरच्या मंडळींनीं आंतून विचारलें, “पण गिअर हवेतच कशाला? इकडच्या स्वारीनें सारा जन्म काळ्या सायकलीवर काढला, त्यांचें कांहीं अडलें का?” हें बोलणें माझ्या गौरवाचें असलें तरी तें ऐकून मला बरें वाटलें नाहीं. मीं नानांकडे पाहिलें. ते अडकित्त्यानें सुपारी कातरीत होते. त्यांनीं मान वर केली नाहीं. मला बरें कां वाटलें नाहीं, तें शेवटीं सांगेन. प्रथम विषय.

सायकलीच्या पायाशीं एक दातेरी चक्र असतें व मागच्या चाकाशीं दुसरें. दोहोंस साखळी जोडते. माझ्या काळ्या सायकलीस पुढें ४४ दांते होते व मागें १८. पॅडलचा एक फेरा पुरा झाला म्हणजे मागचें चाक सुमारें अडीच वेळां फिरे आणि सायकल सुमारें साडेपांच मीटर पुढें जाई. सपाट रस्त्यावर हें प्रमाण उत्तम. परंतु वाईहून पांचगणीस जाणारा पसरणीचा घाट घ्या. तेथें सरासरीनें शंभर मीटर चालावें तेव्हां पांचेक मीटर उंची चढून होते. म्हणजे पॅडलच्या एका फेऱ्यांत मी स्वतःला आणि त्या लोखंडी सायकलीला सुमारें सत्तावीस सेंटिमीटर वर उचलीत असें. जिन्याची पायरी साधारणपणें सतरा-अठरा सेंटिमीटरांची असते हें लक्षांत घेतलें म्हणजे याचा अर्थ कळेल.

आतांच्या रोड बाइकला पुढें बहुधा दोन चक्रें असतात, उदाहरणार्थ ५० व ३४ दांत्यांचीं, आणि मागें अकरा दांत्यांपासून चौतीस दांत्यांपर्यंत चढत जाणारीं बारा चक्रें. साखळी पुढें ३४ वर व मागें ३४ वर ठेवली म्हणजे एका फेऱ्यांत सायकल सुमारें दोन मीटर दहा सेंटिमीटरच पुढें जाते, आणि त्याच घाटांत स्वार साडेदहा सेंटिमीटर वर चढतो. उलट, उतारावर ५० व ११ ची जोडी घेतली तर एका फेऱ्यांत साडेनऊ मीटर. गिअर म्हणतात तो एवढाच. तो अंगांत शक्ति घालीत नाहीं. पांचगणीची उंची तितकीच राहते, देहाचें वजन तितकेंच राहतें; तें ओझें थोड्या मोठ्या घासांत गिळावयाचें कीं पुष्कळ लहान घासांत, एवढेंच तो ठरवितो. आपल्या शास्त्रकारांनीं अधिकारभेद मानला, ज्याची जशी योग्यता तसें त्याला साधन सांगितलें. गिअर हा लोखंडांत उतरलेला अधिकारभेदच होय.

ही सरळ गोष्ट पटवून देण्यास फ्रान्स देशांत एक पिढी खर्ची पडली. सेंत-एत्येन या गांवीं पॉल द व्हिव्ही (१८५३–१९३०) नांवाचे गृहस्थ राहत. ‘व्हेलोसियो’ या टोपणनांवानें ते लिहीत व ‘ल सिक्लिस्त’ हें नियतकालिक चालवीत. साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवून चढउतार सुसह्य करावे, असा त्यांचा आग्रह होता. १९०२ सालीं फ्रान्सच्या टूरिंग क्लबनें डोंगराळ मार्गावर एक परीक्षा ठेविली. एदुआर फिशर हा नामांकित स्वार एकाच गिअरच्या सायकलीवर, आणि मार्त एस ही स्त्री तीन गिअरच्या सायकलीवर. सरशी बाईंची झाली. तरीहि आंरी देग्रांज यांनीं लिहिलें कीं, असले बदलते गिअर पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठीं ठीक. तरुणांनीं स्नायूंच्या बळावर जिंकावें यांतच पुरुषार्थ. हेच देग्रांज पुढच्या वर्षीं, १९०३ सालीं, ‘तूर द फ्रांस’ या सुप्रसिद्ध शर्यतीचे जनक झाले, आणि साखळी सरकविणारें यंत्र, ज्यास डिरेलर म्हणतात, तें त्या शर्यतींत शिरावयास १९३७ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं रोजे लापेबी हा स्वार तें वापरून विजयी झाला.

पंचेचाळिशीची ती अट वाचून मला हंसूं आलें. सदुसष्टाव्या वर्षीं मी तीत सहज बसतों. पण हंसूं लगेच ओसरलें. हेंच मत, जवळजवळ याच अर्थाचें, मींहि एकदां आमच्या घरच्या बैठकींत मोठ्या आवेशानें दिलें होतें.

असो. यापुढची कथा वाचतांना एक गोष्ट माझ्या ध्यानांत आली. गिअर बदलण्याच्या पद्धतींची प्रगति पाहावयाची असेल तर यंत्राकडे न पाहतां स्वाराच्या हाताकडे पाहावें. तो हात कोठें जातो आणि तेथें जाण्यासाठीं स्वाराला काय सोडावें लागतें, यांत सारा इतिहास आला.

प्रथम स्वाराला सायकलच सोडावी लागे. शर्यतीच्या सायकलीस मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंस एकेक चक्र असे. घाट आला कीं खालीं उतरावें, पंखांच्या नटा सैल कराव्या, चाक काढून उलटें बसवावें व पुन्हा निघावें. इटलींतील व्हिचेन्झा येथील तुल्लिओ कांपान्योलो हा स्वार १९२७ सालीं एका शर्यतींत क्रोचे दाउने या घाटावर बर्फांत सांपडला. थंडीनें बोटें बधिर झाल्यामुळें त्याला त्या नटा फिरवितां येईनात, अशी कथा सांगतात. एका हिसक्यांत चाक मोकळें करणारी जी कळ आज जगभर दिसते ती त्याची. आणि १९३३ सालीं त्यानें स्थापिलेली कंपनी आजहि चालू आहे. १९४० नंतरच्या दशकांत याच कंपनीनें एक साधन काढलें, त्यांत मागच्या चाकाजवळ दोन दांड्या असत. चालत्या सायकलीवर हात पाठीमागें नेऊन एका दांडीनें चाक सैल करावयाचें, पॅडल उलटें फिरवीत दुसरीनें साखळी सरकवावयाची, आणि पुन्हा चाक आवळावयाचें. जीनो बार्ताली यानें १९४८ ची तूर द फ्रांस या साधनावर जिंकली. धन्य त्याची! आमच्यासारख्यानें तें केलें असतें तर चाक एकीकडे व मास्तर दुसरीकडे गेले असते.

पुढें हात पाठीमागून पुढें आला. सायकलीच्या तिरप्या खालच्या नळीवर दोन लहान खटके बसले, आणि त्यांस जोडलेली तार डिरेलरला ओढूं लागली. तार ओढली कीं साखळी मोठ्या चक्राकडे जाते. सोडली कीं स्प्रिंग तिला लहान चक्राकडे परत आणते. ही पद्धत कित्येक दशकें चालली. मात्र त्या खटक्यांना टप्पे नव्हते. साखळी नेमकी चक्रावर बसली कीं दोहोंच्या मध्यें खडखडत राहिली हें स्वारानें कानानें ओळखावें व खटका किंचित् मागेंपुढें करावा. सतारीचा पडदा नसलेल्या वाद्यावर स्वर लावण्यासारखें तें काम; ज्याला साधलें त्याला आनंद, न साधणाऱ्याला नुसती खरखर. शिवाय गिअर बदलतांना एक हात हँडलवरून काढावा लागे, तोहि बहुधा चढाच्या वळणावर, जेथें दोन्ही हात हवे असतात.

टप्पे आणण्याचें श्रेय जपानला. तेथील सनटूर या कारखान्यानें १९६४ सालीं तिरप्या समांतरभुज चौकटीचा डिरेलर काढला. तो सरकतांना चक्रांच्या उतरणीस धरून सरकतो, त्यामुळें लहान चक्र असो वा मोठें, साखळी त्यापासून सारख्याच अंतरावर राहते. अंतर सारखें राहिल्यावर मोजून तार ओढणें शक्य झालें. साकाइ या गांवीं १९२१ पासून चालत आलेल्या शिमानो कंपनीनें १९८४ सालीं मोजक्या टप्प्यांचे खटके आपल्या उत्तम संचांत आणले. खट् असा आवाज झाला कीं साखळी एकच घर सरकली, अधिक नाहीं, उणें नाहीं. कानाचें काम बोटाकडे आलें. आणि १९९० सालीं त्याच कंपनीनें हे खटके ब्रेकच्या दांडींतच बसविले. तेव्हांपासून गिअर बदलण्यासाठीं हँडल सोडण्याचें कारण उरलें नाहीं. १९९२ सालीं कांपान्योलोनें आणि २००६ सालीं अमेरिकेंतील शिकागोच्या स्रॅम कंपनीनें आपापल्या रीतीनें तेंच साधलें.

आतां या तीन रीतींची तुलना. एका रविवारीं मी, नाना आणि पुतणी असे तिघे पुण्यास गेलों. दुकानदार तरुण असून सौजन्यशील होता. त्यानें एकेक सायकल मागच्या चाकानें एका घोडीवर बसवून दिली, म्हणजे ती जागच्या जागीं राहते व पॅडल मारतां येतें. लेंगा वर खोंचून मीं तिन्ही प्रकार चालवून पाहिले. दुकानांतील मुलें हंसलीं नाहींत हा त्यांचा विनय.

शिमानोच्या तारेच्या संचांत ब्रेकची दांडी दोन कामें करते. ती आपल्याकडे ओढली तर ब्रेक लागतो. तीच आंतल्या बाजूस ढकलली तर उजव्या हातानें साखळी मागच्या मोठ्या चक्राकडे जाते. तिच्यामागें एक धाकटी कळ आहे, ती साखळी लहान चक्राकडे सोडते. स्पर्श मऊ आहे, जोर थोडा लागतो. प्रथम प्रथम मात्र ब्रेकची दांडी बाजूस हलते हें चमत्कारिक वाटतें.

कांपान्योलोची रचना याहून निराळी. तेथें एका दांडीला एकच काम. ब्रेकची दांडी केवळ ब्रेक लावते. तिच्यामागील कळ बोटानें ढकलली कीं साखळी मोठ्या चक्राकडे जाते, आणि आंतल्या अंगास एक कळ अंगठ्यासाठीं असते, ती दाबली कीं लहान चक्राकडे. कामांची वांटणी स्पष्ट असल्यामुळें चुकून भलतेंच दाबलें जाण्याचें भय कमी. वरच्या प्रतीच्या संचांत एकाच दाबांत कित्येक घरें ओलांडतां येतात; चढ संपून उतार लागला कीं हें फार उपयोगी. पण हात हँडलच्या खालच्या वांकणांत असतांना अंगठा त्या कळीपर्यंत पोंचविणें लहान पंजाच्या माणसास अवघड जातें. पुतणीचा पंजा लहान आहे. तिनें दोनदां प्रयत्न करून मान हालविली.

स्रॅमनें तारेच्या संचांत एकच कळ ठेविली आणि अर्थ दाबण्याच्या लांबीवर सोंपविला. थोडें दाबलें तर साखळी लहान चक्राकडे, अधिक लांब दाबलें तर मोठ्या चक्राकडे. ह्रस्व आणि दीर्घ मात्रेनें शब्दाचा अर्थ पालटावा तसें हें. संस्कृत शिकविणाऱ्यास तें आवडावें, मला आवडलेंहि. परंतु थकलेल्या माणसाची दीर्घ मात्रा अनेकदां ह्रस्वच पडते. चढावर हलका गिअर हवा म्हणून दाबावें आणि दाब अपुरा पडून उलट जडच गिअर यावा, असा प्रमाद नवशिक्याकडून होतो. माझ्याकडून तो घोडीवर बसूनहि झाला.

येथें व्यवहाराची एक सूचना. एका खटक्याला तार किती ओढली जावी याचें माप प्रत्येक कंपनीचें निराळें आहे; एकाच कंपनीच्या जुन्या व नव्या संचांतहि तें जुळेलच असें नाहीं. यास्तव एकाचा खटका व दुसऱ्याचा डिरेलर असा संसार सहसा जुळत नाहीं. स्वस्त मिळाला म्हणून एखादा भाग घेण्यापूर्वीं हें अवश्य विचारावें.

आतां विजेचा प्रकार. यांत सायकल पायांनींच चालवावयाची असते, वीज केवळ साखळी सरकविते. पुष्कळ वडील मंडळींचा येथें गैरसमज होतो, माझाहि होता. डिरेलरमध्यें एक लहान मोटर असते, कळीवर नुसतें बोट टेकलें कीं ती साखळी नेमक्या जागीं नेते. शिमानोनें २००९ सालीं, कांपान्योलोनें २०११ सालीं असे संच विक्रीस काढले. स्रॅमनें २०१५ सालीं कळ व डिरेलर यांमधील वायरहि काढून टाकली. स्रॅमची रीत मला सर्वांत सोपी वाटली. उजवी कळ दाबावी, गिअर जड होतो; डावी दाबावी, हलका होतो; दोन्ही एकदम दाबाव्या, पुढचें चक्र बदलतें. पांच वर्षांच्या मुलाला सांगतां येईल. शिमानोच्या नव्या संचांत कळी बिनतारी असून दोन्ही डिरेलर मात्र सायकलीच्या आंत ठेवलेल्या एका बॅटरीला वायरीनें जोडलेले असतात. ती एकदां भरली कीं शेंकडों किलोमीटर चालते. स्रॅमच्या प्रत्येक डिरेलरवर स्वतःची लहान बॅटरी असते. ती अधिक वेळां भरावी लागते, पण काढून घरांत नेतां येते, आणि मागची संपली तर पुढची काढून तेथें लावतां येते.

विजेच्या बाजूनें खरें बोलावयाचें तर तार कालांतरानें ताणते, गंजते, तिच्या नळींत चिखल जातो, खटक्याच्या तोंडाशीं तिचे धागे तुटतात, आणि मग टप्पे चुकूं लागतात. वीज हें कांहींच करीत नाहीं; पहिल्या दिवशीं जसें सरकवील तसेंच पुढें सरकवीत राहते. तिच्या विरुद्ध बोलावयाचें तर किंमत पुष्कळ अधिक, आणि बॅटरी भरण्यास विसरलें तर साखळी आहे त्याच चक्रावर अडते. तार तुटण्यापूर्वीं बहुधा खरखर करून सांगते, व नवी तार थोडक्या पैशांत मिळते. मोटर बिघडली तर नवी मागवून वाट पाहावी लागते. कंपन्यांचा ओढा मात्र विजेकडे आहे. शिमानोनें २०२१ सालीं आपला सर्वांत वरचा संच केवळ विजेचाच काढला. तरी २०२३ सालीं मधल्या प्रतीच्या १०५ नांवाच्या संचांत बारा चक्रांचा तारेचा प्रकारहि दिला. म्हणजे तारेचा वंश अद्याप खुंटलेला नाहीं.

दुकानांत एक गोष्ट घडली ती सांगितलीच पाहिजे. मी उतरल्यावर नाना आपण होऊन पुढें झाले व म्हणाले, “मलाहि बसूं द्या.” नानांच्या बोटांस संधिवात आहे. तारेच्या संचाची कळ लांब ढकलतांना त्यांच्या कपाळीं आंठी पडली. मग विजेच्या सायकलीवर बसले. बोट टेकलें, साखळी सरकली. पुन्हा टेकलें, पुन्हा सरकली. असें त्यांनीं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेलें व परत आणलें, आणि त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला. तोंवर विजेचा गिअर म्हणजे श्रीमंतांचा शौक अशी माझी समजूत होती. दुखऱ्या बोटांच्या माणसाला ती चैन नव्हे, चष्मा जसा चैन नव्हे तशी, हें मला त्या दिवशीं कळलें.

आतां जें शेवटीं सांगेन म्हटलें होतें तें. १९७६ सालची गोष्ट. मी नुकताच मॅट्रिक झालों होतों आणि जगांतील सर्व गोष्टींवर मला मत होतें. नाना चौदा वर्षांचे. त्यांची छाती लहानपणापासून नाजूक, धाप लागे. पुण्यांतील एका ओळखीच्या गृहस्थांची तीन गिअरची जुनी विलायती सायकल विकाऊ होती. तिचे गिअर मागच्या चाकाच्या तुंब्यांत दडलेले असत. हलक्या गिअरवर पाऊणपट जोर पुरे. नानांनीं ती वडिलांजवळ मागितली. वडिलांनीं माझें मत विचारलें, थोरला मुलगा व शिकलेला म्हणून. मीं सांगितलें, “गिअर ही दुबळ्यांची सोय. त्यानें सवय बिघडेल. साध्या सायकलीवर चढला तर छाती सुधारेल.” वडिलांनीं माझ्यासारखीच काळी सायकल घेतली.

त्याच उन्हाळ्यांत आम्ही दोघे आत्याकडे पांचगणीस निघालों. मी दम खात, पण न उतरतां, वर पोंचलों आणि घाटमाथ्यावर उभा राहून अभिमानानें खालीं पाहूं लागलों. नाना तासाभरानें दिसले. सायकल हातानें ढकलीत होते. जवळ आले तेव्हां ओठ निळसर होते व बोलवत नव्हतें. आत्यानें त्यांना दोन दिवस निजवून ठेविलें. मला कोणी रागें भरलें नाहीं. मींहि चूक झाली असें म्हटलें नाहीं. त्यानंतर नाना घाटांत कधीं सायकल घेऊन गेले नाहींत. पुढें नोकरीलाहि पायींच जात. देग्रांज महाशयांनीं निदान अनोळखी लोकांविषयीं लिहिलें होतें.

म्हणून या वेळीं मीं निवाडा दिला नाहीं. पुतणी म्हणाली, “दादाकाका, तुम्ही इतकें वाचलेंत, तुम्हीच सांगा.” मीं तिला एवढेंच सांगितलें, “बाळ, चढणार तूं आहेस. खटका तारेचा कीं विजेचा हा दुसरा प्रश्न. अगोदर सर्वांत हलका गिअर कोणता मिळतो तें पाहा. मग तुझ्या बोटांना काय सहज पोंचतें तें पाहा. मग बिघडल्यास तें कोण नीट करील तें पाहा. आणि किंमत सर्वांच्या शेवटीं पाहा, पण पाहा.” तिनें विचार करून बारा चक्रांची तारेची सायकल घेतली. तिचें कारण असें, कीं ती एकटी दूरच्या रस्त्यांवर जाते, आणि तार कशी बदलावी हें तिनें दुकानदाराकडून तेथेंच बसून शिकून घेतलें. चिरंजीव थोडे हिरमुसले; वादांत हरल्याचें दुःख असतेंच.

गेल्या पंधरवड्यांत ती सायकल घेऊन वाईस आली आणि सकाळीं लवकर पसरणीचा घाट चढून, पांचगणीस चहा घेऊन, न्याहारीच्या वेळेस परत आली. एकदांहि उतरावें लागलें नाहीं म्हणाली. नाना अंगणांत सायकलीपाशीं वांकून बराच वेळ मागच्या चक्रांकडे पाहत होते. मी जवळ जाऊन उभा राहिलों.

“दादा, सर्वांत मोठ्या चक्राला दांते किती?” त्यांनीं विचारलें.

“चौतीस,” मीं सांगितलें.

“आपल्या वेळीं अठरा होते,” नाना म्हणाले.

पन्नास वर्षें जें बोलावयाचें राहिलें होतें तें मीं तेव्हां बोललों. काय बोललों तें येथें लिहिण्याचें प्रयोजन नाहीं. नानांनीं ऐकून घेतलें, चक्रावर बोट टेकवून तें हळूच फिरविलें, आणि “चल, पोहे निवतील,” म्हणून आंत गेले.

वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं असा प्रश्न निघेल त्यांनीं तीन कंपन्यांची तुलना अवश्य करावी. वर दिलेली माहिती त्यांस उपयोगी पडेल अशी आशा आहे. पण त्यापूर्वीं घरांतील जो प्रत्यक्ष पॅडल मारणार आहे त्याला, किंवा तिला, एकदां विचारावें. आणि कोणी हलका गिअर मागितला तर तो कां मागतो हें समजल्यावांचून त्याला दुबळा म्हणूं नये. पुढील अंकीं, अधिक आवडीचा विषय म्हणून, मेतकूट.